कातडीवरचा सोरायसिस सांध्यांत उतरतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा त्वचारोगाचा दवाखाना आहे. खालचे प्रश्न पेशंटनी समोर बसून, व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचा फोटो धाडून, आणि दोन-तीनदा तर लग्नाच्या पंगतीत गाठून विचारलेले आहेत. चट्ट्यांबद्दल लोक मला हवं तेवढं विचारतात. टाच दुखते, बोट सुजलं, हे मात्र सांगत नाहीत, कारण ते ‘हाडाच्या डॉक्टरचं’ काम. हाडाच्या डॉक्टरपुढे मग चट्टे शर्टाखाली झाकलेले राहतात. आजार या दोन दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर वाढत जातो. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला आकडा दिला आहे.

१. सोरायसिस म्हणजे नेमकं काय? गजकर्ण किंवा कोडाचाच प्रकार आहे का?

दोन्ही नाही. गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि एकाचं दुसऱ्याला लागतं. कोडात कातडीचा रंग जातो, पण खवले पडत नाहीत. सोरायसिसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती बिथरते आणि महिनाभरात तयार होणारी कातडी चार-पाच दिवसांत तयार होऊ लागते. तीच लाल, जाड चट्ट्यावर चंदेरी पापुद्रे होऊन साचते. हा आजार कुणालाही लागत नाही. ताट, टॉवेल, पलंग वेगळा करायची गरज नाही. सासरी वेगळं ताट मिळालेल्या दोन सुना माझ्या माहितीत आहेत, म्हणून हे ठळक सांगते.

२. “कातडीचा आजार हाडात मुरतो” असं आमची आजी म्हणायची. खरं आहे का?

आजीचा शब्द वेगळा, निरीक्षण बरोबर. सोरायसिस असलेल्या काही जणांना पुढे सांध्यांचा दाह होतो, त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. मात्र मलम लावून चट्टा दाबला म्हणून तो आत गेला, असं होत नाही. ही समजूत इतकी पक्की आहे की लोक चांगली औषधं अर्ध्यावर सोडतात. आजार मुळात एकच, तो कातडीवर, नखांत, सांध्यांत, कधी डोळ्यांत वेगवेगळ्या वेळी डोकं वर काढतो.

३. मला होणार का? शंभरात किती जणांना होतो?

जगभरचे अभ्यास एकत्र केले तर सोरायसिसच्या १०० पेशंटमागे साधारण २० जणांना सांध्यांचा आजार सापडतो. काही अभ्यासांत हा आकडा ३० पर्यंत जातो. हे बहुतेक आकडे दवाखान्यात येणाऱ्या पेशंटचे आहेत. कोपरावर रुपयाएवढा एकच चट्टा असलेला माणूस दवाखान्यात येतच नाही, म्हणून गावातला खरा आकडा याहून कमी असणार.

कॅनडात टोरांटोला ४६४ पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१६ साली त्याचा निष्कर्ष आला: दरवर्षी १०० पैकी साधारण २.७ जणांना नव्याने सांधेविकार झाला. म्हणजे एका वर्षाचा धोका थोडा, पण वर्षं साठत जातात.

४. माझ्या चट्ट्यांना पंधरा वर्षं झाली. आता भीती टळली ना?

नाही. साधारण ७० टक्के लोकांत आधी चट्टे येतात आणि सांधे नंतर. मधलं अंतर सरासरी सात ते दहा वर्षांचं, पण सरासरी म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. कुणाला दोन वर्षांत, कुणाला पंचवीस वर्षांनी. उरलेल्यांत दोन्ही एकदम येतात, किंवा सांधे आधी येतात (त्यासाठी प्रश्न १६).

संशोधकांचं सगळं लक्ष आज या मधल्या वर्षांवर आहे. इतर बहुतेक सांधेविकारांत कुणाला होणार याची अशी उघड खूण आधी दिसत नाही. इथं मात्र कातडी पाटी लावून बसलेली असते, आणि ती वाचायला वेळही मिळतो.

५. कुणाला जास्त धोका असतो?

चट्टे कुठे आहेत, याला किती आहेत याच्याइतकंच महत्त्व आहे. अमेरिकेत मिनेसोटामधल्या पेशंटच्या नोंदींवरून २००९ साली दिसलं की डोक्यात सोरायसिस असेल तर सांधेविकाराचा धोका जवळपास चौपट, नखं बिघडलेली असतील तर तिप्पट आणि बैठकीच्या फटीत किंवा गुदद्वाराजवळ चट्टा असेल तर दुपटीहून जास्त होतो. शेवटची जागा कुणी आपणहून दाखवत नाही. बाया तर नाहीच नाही. माझ्याकडे दोन-दोन वर्षं येणाऱ्या पेशंटनेही “तिथं पण आहे” हे विचारल्यावरच सांगितलं. लाजू नका, सांगा.

याखेरीज वाढलेलं वजन, घरात आई-वडील किंवा भावंडांना हाच सांधेविकार असणं आणि अंगभर पसरलेला जोरदार सोरायसिस यांनीही धोका वाढतो.

६. नखांचा आणि सांध्यांचा काय संबंध?

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बोटाच्या शेवटच्या सांध्यावरून जाणारा स्नायूचा दोर हाडाला जिथं चिकटतो, त्याचे धागे तिथंच थांबत नाहीत. ते पुढे पसरून नखाच्या मुळाला धरून ठेवतात. म्हणजे आपण ज्याला नख म्हणतो ते कातडीइतकंच सांध्याचंही अंग आहे. त्या जोडावर दाह झाला की नखाच्या मुळाला धग लागते आणि नख वाढताना खड्डे घेऊनच बाहेर येतं. शिवणाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे.

बैलाच्या जुपणीचं उदाहरण मी पेशंटना देते. ओढ बसली की दोर मधे तुटत नाही, जूला जिथं आवळलेला असतो तिथं आधी झिजतो. शरीरात स्नायूंचे दोर हाडाला जिथं आवळलेले असतात, त्या जागांना डॉक्टर एन्थेसिस म्हणतात. टाचेच्या मागे, तळव्याखाली, कोपराच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीभोवती त्या असतात. आमवातात, म्हणजे ऱ्हुमटॉइडमध्ये, दाह सांध्याच्या आतल्या अस्तरापासून सुरू होतो. सोरायसिसमध्ये बऱ्याचदा या जोडांपासून. म्हणून सांधा सुजण्याच्या कितीतरी आधी टाच दुखू शकते.

नख बुरशीनेही बिघडतं. तेव्हा खड्डे दिसले की घाबरून न जाता नखाचा तुकडा तपासून घ्यावा. उलट वर्षभर बुरशीच्या गोळ्या घेऊनही नख सुधारत नसेल, तर सोरायसिसची शंका घ्यावी.

७. सांध्यांत सुरुवात झाली हे घरबसल्या कसं ओळखायचं?

जगभर पाच प्रश्नांची एक साधी चाळणी वापरतात, तिचं नाव पेस्ट. मी ती आपल्या बोलीत अशी विचारते:

कधी एखादा सांधा सुजला होता का? डॉक्टरने कधी “संधिवात आहे” असं सांगितलं का? हाता-पायाच्या नखांना खड्डे आहेत का? टाच दुखते का? हाताचं किंवा पायाचं एखादं आख्खं बोट, मार लागलेला नसताना, मुळापासून शेंड्यापर्यंत गाजरासारखं सुजून दुखलं होतं का?

तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर संधिवाततज्ज्ञ गाठायचाच. दोन असले तरी शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर मी थांबत नाही. एवढी स्पष्ट खूण दुसऱ्या आजारांत क्वचितच सापडते.

यात माझा एक प्रश्न जोडते: सकाळी उठल्यावर अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो? दिवसभर राबून संध्याकाळी दुखतं ते बहुतेक झिजेचं. रात्रभर आराम करून सकाळी अर्धा तास आखडलेलं राहतं आणि काम सुरू केलं की सैल पडतं, ते दाहाचं. पाठीचंही तसंच. पहाटे दुखण्याने जाग येते आणि चार पावलं चाललं की बरं वाटतं, ही मणक्यात दाह असल्याची खूण.

टोरांटोच्या गटानेच २०१७ मध्ये दाखवलं की निदान होण्याच्या आधीच्या काळात पेशंट सांधेदुखी, आखडणं, टाचदुखी आणि नुसता थकवा यांच्या तक्रारी करत असतात. सूज तेव्हा दिसत नाही. अनेक वर्षं मी अशा तक्रारींवर कॅल्शियम लिहून दिलं. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

८. चिकुनगुनिया झाल्यापासून सांधे धरलेत. हे त्याचंच असेल ना?

असू शकतं. २००६ च्या मोठ्या साथीनंतर आपल्याकडे चिकुनगुनिया शब्द सांधेदुखीचं दुसरं नावच झाला. त्या तापानंतर सांधे महिनोन् महिने दुखतात, हे खरं. पण त्याच्या आडोशाने इतर सगळे आजार लपतात. फरक पाहायचा तो असा: ताप आलाच होता का, की दुखणं आलं म्हणून चिकुनगुनिया ठरवला? दुखणं हळूहळू ओसरतंय की पाय रोवून बसलंय? दोन्ही बाजूंना सारखं आहे, की एक गुडघा आणि एकच बोट? तीन महिने उलटूनही सूज असेल आणि अंगावर, डोक्यात, नखांत सोरायसिस असेल, तर ‘साथीचं आहे, जाईल’ म्हणून बसू नये.

नांदेड, बीडकडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथं पाठ आणि सांधे ताठ होण्याचं ते एक वेगळं कारण असतं. तिथल्या पेशंटने पाण्याचं सांगितलं तर निदानाला मदत होते. फ्लोराईडने सोरायसिस होत नाही.

९. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, ईएसआर नॉर्मल आला. म्हणजे वात नाही ना?

आरए फॅक्टर ही आमवाताची रक्ततपासणी; या आजारात ती बहुतेक वेळा निगेटिव्हच असते. हा सांधेविकार ठरवायला २००६ पासून जगभर वापरात असलेल्या कॅस्पर निकषांत तर निगेटिव्ह असण्याचा एक गुण मिळतो! सांध्याचा दाह असेल तर चालू सोरायसिसचे दोन, नखांच्या बिघाडाचा एक, सुजलेल्या आख्ख्या बोटाचा एक, अशी बेरीज करतात. एकूण तीन झाले की निदान. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्याही जवळपास निम्म्या पेशंटमध्ये नॉर्मल असू शकतात. सुरुवातीचा एक्स-रेही बऱ्याचदा साफ असतो. अशा वेळी सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये जोडाचा दाह दिसतो.

उलट फसगत युरिक अॅसिडची. सोरायसिसमध्ये ते वाढलेलं असणं नेहमीचं आहे. पायाचं बोट सुजलं, युरिक अॅसिड वाढलं, की ‘गाऊट’ (युरिक अॅसिडचा वात) म्हणून गोळी सुरू होते आणि वर्ष निघून जातं.

१०. माझे मालक दहा वर्षं ऊसतोडीला जातात. कोयत्याच्या कामानेच हे झालं का?

‘कामानेच झालं’ म्हणता येत नाही. ‘कामाचा हात नाही’ असंही म्हणता येत नाही. टोरांटोत २०११ साली सोरायसिसच्या पेशंटची तुलना केली, तेव्हा ज्यांना सांधेविकार झाला त्यांच्यात जड ओझी उचलणं, मार लागणं आणि अँटिबायोटिक घ्यावं लागलेले संसर्ग जास्त आढळले. कातडीला जखम झाली की त्याच रेषेत नवा चट्टा उमटतो, हे आपण रोज पाहतो. त्याला कोबनरची खूण म्हणतात. आत जोडांवरही तसंच काही घडतं, असा संशोधकांचा कयास आहे.

बेल्जियममध्ये गेंट विद्यापीठात एक नामी प्रयोग झाला. अशाच सांधेविकाराकडे कल असलेल्या जातीच्या उंदरांचे मागचे पाय जमिनीला टेकणार नाहीत असं त्यांना ठेवलं. टाचेच्या जोडावरचा दाह जवळपास थांबला. ओझं नाही, तर दाह नाही.

आता ऊसतोडीचं गणित बघा. दिवसभर वाकून कोयता, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. सगळा भार टाचेवर आणि बोटांच्या जोडांवर. दिवाळीला निघायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. म्हणजे बरोबर सहा महिने औषध तुटतं. कोप्यावर जाणाऱ्याला मी “काम सोडा” म्हणत नाही, तो सल्ला फुकटचा असतो. सहा महिन्यांची चिठ्ठी, रक्त कुठल्या महिन्यात तपासायचं ती तारीख आणि मोळी शक्य तेवढी लहान बांधा, एवढं सांगते. उंदराच्या प्रयोगावरून चालणं-फिरणं बंद करू नका. माणसाला बेताच्या व्यायामाने फायदाच होतो.

११. पण कातडीतून सांध्यात नेमकं काय जातं?

निरोप जातो, आणि अलीकडे दिसलंय की निरोप्याही जातो.

निरोप म्हणजे प्रतिकारपेशींनी सोडलेली रसायनं. त्यांत टीएनएफ, आयएल-२३ आणि आयएल-१७ ही तीन मुख्य. २०१२ साली उंदरांत दाखवलं गेलं की स्नायूच्या जोडावर काही पेशी आधीपासूनच ठाण मांडून असतात आणि आयएल-२३ चा निरोप मिळताच दाह सुरू करतात. पाहुणा यायची वाटच पाहावी लागत नाही.

निरोप्याचं काम जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने केलं. सुजलेल्या कातडीत तयार झालेल्या काही प्रतिकारपेशी रक्तातून प्रवास करून सांध्यात पोचतात, हे त्यांनी उंदरांत दाखवलं. त्यातला खरा मुद्दा पुढे आहे: नुसतं पोचून भागत नाही. सांध्यातल्या राखणदार पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, त्यांना आवरतात. जिथं राखण ढिली, तिथं आजार. शंभरातल्या ऐंशींचे सांधे का वाचतात, याचं हे मला पटलेलं पहिलं उत्तर.

१२. मग आधीच इंजेक्शन घेऊन सांध्यांचा आजार टाळता येईल का?

निव्वळ टाळण्यासाठी म्हणून आज कुणाला औषध देत नाहीत. पण प्रश्न योग्य आहे आणि त्यावरच जोरात काम चाललंय.

युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे युलारने, या वाटचालीचे टप्पे ठरवले: धोका जास्त असलेला सोरायसिस, मग आत दाह किंवा दुखणं आहे पण सूज नाही अशी अवस्था, आणि शेवटी उघड सांधेविकार. एर्लांगेनमध्येच मधल्या टप्प्यातल्या २० पेशंटना सेक्युकिनुमॅब (आयएल-१७ चा निरोप अडवणारं इंजेक्शन) दिलं तेव्हा २४ आठवड्यांत दुखणं आणि दाह कमी झाला. मात्र तुलनेला औषधाविना गट नव्हता.

मोठ्या नोंदवह्या पाहिल्या तर गोंधळ वाढतो. इटली आणि अर्जेंटिनातल्या नोंदींत बायोलॉजिक इंजेक्शनं (अशीच निरोप अडवणारी) घेणाऱ्यांना सांधेविकार कमी झाला. अमेरिकेतल्या एका नोंदीत चक्क जास्त! दुसऱ्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ज्याचे सांधे आधीच कुरकुरायला लागलेत त्यालाच डॉक्टर लवकर इंजेक्शन लिहितात, निदान नंतर कागदावर येतं, आणि बदनामी इंजेक्शनाची होते. छत्री घेऊन निघालेले जास्त भिजतात, असं म्हणण्यासारखं. हा पेच सोडवायला चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्याच लागतात. आयएल-२३ अडवणाऱ्या गुसेलकुमॅब या इंजेक्शनाची पाम्पा चाचणी त्याचसाठी आखली गेली. २०२१ साली युरोपात हिप्पोक्रेटीस नावाचा प्रकल्प सुरू झाला. सोरायसिसच्या २५ हजार लोकांची माहिती ऑनलाइन गोळा करून कुणाला धोका हे आधी ओळखायचं, हा त्याचा एक भाग.

टाळणं हातात नसलं तरी वेळेत पकडणं आहे. आयर्लंडमध्ये २०१५ साली दिसलं की पहिल्या लक्षणापासून तज्ज्ञापर्यंत पोचायला सहा महिने उशीर झालेल्यांची हाडं जास्त झिजली आणि हातापायांचं काम जास्त अडलं. सहा महिने, म्हणजे ऊसतोडीचा एक हंगाम.

१३. वांगं, हरभऱ्याची डाळ, आंबट बंद करू का?

वांग्याने हा आजार वाढतो असं दिसलेलं नाही. कमी करायचं ते वजन. जाड पेशंटनी ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरवलं तर त्याच औषधांचा गुण जास्त येतो, हे अभ्यासात दिसलंय. ८० किलोच्या माणसाला चार-पाच किलो. भाकरी-भाजी चालू द्या, पाव-खारी आणि दिवसातला सातवा चहा थांबवा. दारू मेथोट्रेक्सेट या सोरायसिसच्या गोळीबरोबर (प्रश्न १५) यकृताला घातक.

१४. एका ठिकाणची पुडी घेतली की आठ दिवसांत चट्टे आणि सांधे दोन्ही साफ. तुमच्या औषधाला महिने का लागतात?

इतका झटपट गुण आला तर पुडीत स्टेरॉइड असल्याची शंका घ्या. चेहरा गोल होणं, साखर वाढणं ही पुढची लक्षणं. सोरायसिसमध्ये आणखी एक धोका असतो. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर आजार उसळून येतो, कधी अंगभर पुवाचे फोड घेऊन. असे पेशंट मी थेट मेडिकल कॉलेजला पाठवते. पुडी चालू असेल तर स्वतः बंद करू नका. ती घेऊन डॉक्टरकडे जा, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.

१५. मेथोट्रेक्सेटची गोळी रोज घ्यायची का?

नाही. आठवड्यातून एकदाच. ठरलेला वार चिठ्ठीवर लिहून घ्या. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. ही गोळी गर्भाला धोकादायक आहे, म्हणून मूल हवं असेल तर साधारण तीन महिने आधी डॉक्टरांना विचारून बंद करायची. सांधेदुखीसाठी कुणी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन लिहिलं तर सोरायसिस असल्याचं जरूर सांगा, त्याने काहींचे चट्टे भडकतात. टीएनएफवरच्या इंजेक्शनांआधी क्षयाची तपासणी सक्तीची समजा, आपल्याकडे छुपा क्षय भरपूर आहे.

१६. माझ्या अंगावर एकही चट्टा नाही, तरी डॉक्टर सोरायटिक म्हणतात. असं कसं?

तीन शक्यता. चट्टा आहे पण तुम्हाला दिसत नाही: कानामागे, बेंबीत, केसांत, बैठकीत. किंवा चट्टा अजून यायचाय. किंवा तो आई-वडिलांना किंवा भावंडांना आहे. कॅस्परमध्ये घरातल्या सोरायसिसलाही गुण आहे (प्रश्न ९). मोटारसायकलवरून आलेल्या एका तरुणाचा ‘कोंडा’ पाच वर्षं शांपूवर चालला होता, आणि गुडघा दोनदा पाणी काढूनही सुजत होता. कोंडा कपाळाच्या रेषेबाहेर उतरला होता. कोंडा असा उतरत नाही.

१७. चट्टे पूर्ण गेले. मग सांध्यांचं औषध सोडू?

नाही. दोन्ही बरोबर चालतीलच असं नाही. कातडी स्वच्छ असताना सांधा झिजत असलेले पेशंट असतात.

१८. मधेच एक डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही. याचा संबंध आहे का?

असू शकतो. युव्हायटिस या डोळ्याच्या दाहाचा आणि सांधेविकाराचा संबंध टोरांटोच्या अभ्यासातही दिसला. दुकानातले थेंब घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

१९. मुलीचं लग्न ठरवायचंय. हे वंशाने जातं का?

कल जातो, आजार जाईलच असं नाही. एचएलए-सी*०६:०२ हा जनुकाचा प्रकार असलेल्यांना चट्टे लहान वयात येतात, पण सांधे उशिरा किंवा येतच नाहीत. बी२७, बी३८, बी३९ यांचा कल सांध्यांकडे. लग्नाआधी या तपासण्या करायला लावणाऱ्या स्थळाला मी तरी नाही म्हणेन.

२०. आमच्या तालुक्याला संधिवाततज्ज्ञ नाही. कुणाकडे जायचं?

संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि धाराशिव इथल्या शासकीय महाविद्यालयांत त्वचा, मेडिसिन आणि अस्थिरोग हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत. फायदा घ्यायचा तो त्याचाच. त्वचेच्या ओपीडीत टाच दाखवा, हाडाच्या ओपीडीत डोकं आणि नखं दाखवा. जाताना सुजलेल्या बोटाचा सुजलेल्या दिवशी काढलेला फोटो न्या. सूज येते-जाते, आणि आपला नंबर लागेपर्यंत बहुतेक वेळा उतरलेली असते.